मदत हवी आहे: मीटरचं रीडिंग मॉडबसवर येत नाही, अर्जंट

तारजोड्या:
थ्री फेज वीज मीटर आहे, आरएस-४८५ वरून (दोन तारांची डेटा लाइन) मॉडबस या प्रोटोकॉलने सॉफ्टवेअरमध्ये रीडिंग घ्यायचंय. मॅन्युअलमध्ये व्होल्टेज ३०००१ या रजिस्टरला (मीटरमधला आकड्याचा कप्पा) दिलंय. तेच टाकलं तर एरर ०२. इनपुट रजिस्टर, होल्डिंग रजिस्टर, ऑफसेट... नक्की काय भानगड आहे ही? उद्या पॅनल द्यायचंय. लवकर सांगा.

जुना वायरमन:
आधी वायरिंग बघा. ए आणि बी या डेटाच्या तारा उलट्या लागल्या असणार. एका कंपनीचा ए म्हणजे प्लस, दुसरीचा मायनस. शेवटच्या टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर आहे का? घोळ कायम तिथेच असतो.

बिट_बाय_बिट:
काका, ०२ म्हणजे 'इल्लीगल डेटा ॲड्रेस'. मीटर उत्तर देतोय की! तारा उलट्या असत्या तर टाइमआउट आला असता.
तारजोड्या, मॉडेल कुठलं? फंक्शन (वाचायचा हुकूम) ०३ वापरताय की ०४? ३०००१ मधला ३ पत्त्यात धरायचा नाही. तो एवढंच सांगतो की हे इनपुट रजिस्टर, ०४ ने वाचा. ४ ने सुरू होणारी होल्डिंग, ती ०३ ने. आणि तारेवर मोजणी शून्यापासून, म्हणून ३०००१ साठी ० टाका.

तारजोड्या:
०३ होतं. आता ०४ आणि ०. एरर गेली, पण व्होल्टेज २७२ आणि त्यापुढे एकवीस आकडे!!

जुना वायरमन:
नॉइज. शील्डेड केबल टाका, शील्डला अर्थिंग एकाच टोकाला.

बिट_बाय_बिट:
नॉइज असता तर सीआरसी (चूक पकडणारा तपासणी आकडा) जुळला नसता, फ्रेमच, म्हणजे अख्खा संदेशच, फेकली गेली असती. कच्चे दोन रजिस्टर टाका इथे.

तारजोड्या:
२६२१४ आणि १७२५४. पहिला सारखा हलतोय, दुसरा जागेवर.

बिट_बाय_बिट:
सापडलं. १७२५४ हेक्समध्ये (१६ च्या पायात) ४३६६, २६२१४ म्हणजे ६६६६. ४३६६ आधी धरून ३२ बिटांचा फ्लोट (दशांश संख्या) केला की २३०.४ येतात. तुमचा मीटर खालचा वर्ड (१६ बिटांचा अर्धा भाग) आधी पाठवतो. सॉफ्टवेअरमध्ये वर्ड स्वॅप चालू करा. शेजारीच बाइट स्वॅप असेल, त्याला हात लावू नका.

पीएलसी_वेडा:
म्हणूनच मॉडबस नको वाटतो. १९७९ साली मोडिकॉनने स्वतःच्या पीएलसीसाठी (कारखान्यातले कंट्रोलर) काढला, रजिस्टर १६ बिटांचं. फ्लोटचे दोन तुकडे कुठल्या क्रमाने पाठवायचे ते ठरवलंच नाही, मग ज्याने त्याने आपापलं ठरवलं. डीएलएमएसचा (वीज मीटरचा दुसरा प्रोटोकॉल) मीटर घ्या. प्रत्येक राशीला ओबिस कोड, म्हणजे ठरलेला नंबर: १.८.० म्हणजे इम्पोर्ट केडब्ल्यूएच, २.८.० एक्स्पोर्ट. युनिटसुद्धा मीटरच सांगतो.

बिट_बाय_बिट:
त्यांना उद्या पॅनल द्यायचंय आणि तुम्ही मीटर बदलायला लावताय.

तारजोड्या:
२३०.४ आलं!! पण क्लॅम्प मीटरवर ८० अँपियर, इथे २. केडब्ल्यूपण तसाच कमी.

बिट_बाय_बिट:
सीटी (करंट कमी करून मीटरला देणारे ट्रान्सफॉर्मर) लावलेत हे आत्ता सांगताय? रेशो काय? २००/५ असेल तर ८० चे सेकंडरीला (मीटरच्या बाजूला) बरोबर २ होतात, म्हणजे मीटरला प्राइमरी (मुख्य लाइनची बाजू) माहीतच नाही. मीटरमध्ये २०० भरा किंवा सॉफ्टवेअरमध्ये ४० ने गुणा, दोन्ही नको. पहिलंच बरं, डिस्प्लेही बरोबर दिसेल.

फेज_न्यूट्रल:
पॉवर फॅक्टर किती येतोय? ०.८ असेल तर १०० केव्हीएएचमागे (लाइनवरून ओढलेली एकूण वीज) केडब्ल्यूएच (खरं काम करणारी वीज) ८०च. कपॅसिटर बँक लावून घ्या.

तारजोड्या:
पॉवर फॅक्टर कुणी विचारलाय? सीटीवर २००/५च आहे. सेटिंगमध्ये गेलो तर पासवर्ड मागतोय.

जुना वायरमन:
काहीही करा, लोड चालू असताना सीटीची सेकंडरी उघडी ठेवू नका. आधी शॉर्ट करा, मग मीटरच्या तारा सोडा. उघड्या टोकांवर भयानक व्होल्टेज येतं.

बिट_बाय_बिट:
हे मात्र काका लाख बोललात.
तारजोड्या, पासवर्ड मॉडेलप्रमाणे वेगळा. मॉडेल अजून सांगितलं नाहीत.