'वाढ मंदावली' म्हणजे नक्की काय कमी झालं? दर आणि वेग

मूळ प्रश्न

प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या कर्करोगाच्या गाठी आणि त्यांच्या वाढीचं गणित, या विषयावरचा एक लेख मराठीत करते आहे. एका ठिकाणी मी लिहिलं, 'गाठीच्या वाढीचा वेग पहिल्या दिवसापासून कमी होत गेला.' शेजारी आलेख आहे आणि त्यातली रेघ सुरुवातीचे बरेच दिवस अधिकाधिक उभी होत जाते. वाक्य आणि चित्र जुळत नाही. माझं कुठे चुकतंय? आणि 'ट्यूमर'ला गाठ म्हणू, अर्बुद म्हणू, की ट्यूमरच राहू देऊ?

प्रतिसाद

ताई, एकच शब्द चुकलाय. 'वेग' काढा, 'दर' घाला, वाक्य बरोबर होईल.

मी काही वर्षं या गाठी मोजल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उंदराला मानेच्या सैल कातडीला धरायचं, कुशीवरचे केस काढलेले असतात, तिथली गाठ कॅलिपरच्या दोन दांड्यांमध्ये हलकेच धरायची. लांबी ८ मिमी, रुंदी ६ मिमी. लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले २, म्हणजे १४४ घन मिमी. हात जरा सैल पडून रुंदी साडेसहा वाचली, तर तीच गाठ १६९ होते. वहीत दोन-तीन दिवसांनी एक आकडा पडतो आणि 'वाढ' हा शब्द या आकड्यांतूनच जन्माला येतो.

आता समजा, एके दिवशी गाठ १०० घन मिमी आहे आणि दिवसाला २० टक्क्यांनी वाढते आहे, म्हणजे रोज २० घन मिमीची भर. पुढे ती ४०० झाली तेव्हा वाढ दिवसाला १० टक्के उरली. दर निम्मा झाला, पण भर पडते आहे ४० घन मिमीची! बँकेत व्याजाचा दर घटला तरी मुद्दल चौपट झालेलं असेल, तर हातात येणारं व्याज जास्तच असतं. रोजची भर म्हणजे वेग. आहे त्या आकारमानाच्या किती टक्के भर पडली, तो दर. बोलताना आपण दोन्हीला 'स्पीड' म्हणून मोकळे होतो, लिहिताना तसं चालणार नाही.

तुमच्या लेखातला आलेख बहुधा गॉम्पर्ट्झचा असणार. बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी हे सूत्र १८२५ साली माणसांच्या मृत्युदरासाठी मांडलं, विम्याच्या हिशेबांच्या संदर्भात. गाठींना ते किती चपखल बसतं हे ॲना लेअर्ड यांनी १९६४ मध्ये उंदीर, घुशीएवढे मोठे उंदीर (रॅट) आणि सशांच्या गाठींवर दाखवलं. या सूत्रात दर पहिल्या दिवसापासून घटतो, वेग मात्र गाठ आपल्या कमाल मर्यादेच्या साधारण ३७ टक्क्यांवर पोचेपर्यंत वाढत राहतो. तुमचं वाक्य आणि तुमचा आलेख, दोन्ही इथून आलंय.

त्याआधी १९३२ मध्ये मेनियर्ड यांनी रॅटच्या जेन्सन सार्कोमाचा (कर्करोगाच्या एका प्रकारच्या गाठीचा) व्यास सरळ रेषेत वाढताना पाहिला होता. त्यांचा खुलासा मला फार आवडतो: वाढतो तो बाहेरचा पातळ थर, आतला भाग वाढत नाही. तिथेही तेच, दर उतरता आणि वेग चढता.

'दुपटीचा काळ' लिहिताना कुठल्या आकाराला, हे जरूर लिहा. दर घटतो म्हणजे दुप्पट व्हायला लागणारे दिवसही वाढत जातात. नुसतं 'या गाठीचा दुपटीचा काळ चार दिवस' हे अर्धंच वाक्य आहे.

आणखी एक प्रतिसाद

'अर्बुद'बद्दल. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्बुदाचं वर्णन आहे, त्यात 'चिरवृद्धी', म्हणजे सावकाश वाढणारं, हे विशेषण आहे. शिवाय अर्बुद ही संख्याही आहे. 'लीलावती'तल्या क्रमात कोटीनंतर अर्बुद आणि मग अब्ज, म्हणजे अर्बुद म्हणजे दहा कोटी. आता गंमत बघा. एक घन सेंटिमीटर गाठीत ढोबळमानाने अब्जभर पेशी धरतात. एका पेशीपासून तिथवर यायला तीस वेळा दुप्पट व्हावं लागतं. उंदरांवर औषधाचा प्रयोग बऱ्याचदा गाठ १०० घन मिमीच्या आसपास आली की सुरू करतात. म्हणजे घन सेंटिमीटरचा दहावा भाग, दहा कोटी पेशी, बरोबर एक अर्बुद! योगायोगच आहे, पण मला हे सुचल्यापासून तो शब्द सोडवत नाही.

प्रतिसाद

योगायोग सुंदर आहे. तरी लेखात मी 'गाठ' म्हणेन, पहिल्यांदा 'कर्करोगाची गाठ' आणि पुढे नुसतं गाठ. रुग्णाच्या घरात हाच शब्द असतो. पेशी टोचल्यावर गाठ येणं याला मात्र 'रुजली' म्हणा. कलम रुजतं तसंच आहे ते, सगळ्या उंदरांत रुजतेच असं नाही.

मूळ प्रश्न विचारणारी

खूप आभार दादा. वाक्य आता असं केलं: 'गाठ रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त भर घालत होती, पण तिच्या वाढीचा दर पहिल्या दिवसापासून घटत होता.' अजून एक अडलंय. कमाल मर्यादा 'गाठली' असं लिहू का? आणि शेवटी उंदराला 'सॅक्रिफाइस' करतात, त्याला काय म्हणू?

प्रतिसाद

'गाठली' नको. गाठ ठरलेल्या आकाराची झाली की, उंदराचे हाल होऊ नयेत म्हणून, प्रयोग तिथेच थांबवतात. मर्यादेचा आकडा वक्ररेषा पुढे वाढवून हिशेबातून येतो, तो कुणी कॅलिपरने मोजलेला नसतो. 'हिशेबाने निघणारी मर्यादा' म्हणा.

'बळी दिला' कृपा करून लिहू नका. देवाला काही वाहिलेलं नसतं. 'वेदना न होऊ देता मारलं' असं सरळ लिहा. वहीत त्या दिवशी उंदराच्या क्रमांकापुढे शेवटचं माप असतं आणि पुढच्या चौकटी रिकाम्या असतात.