रॉक आणि मेटल ऐकायला तुम्हाला कोणता हेडफोन जमला? (गोव्यातल्यांचा अनुभव धागा, नावाऐवजी आपलं गाव लिहा)

पणजी (धागा सुरू करतोय)

पंचवीस वर्षं मेटल, म्हणजे जड गिटारांचा दणदणीत रॉक, ऐकतोय. आधी कॅसेटी, मग सीडी, आता फोन. एवढ्या काळात सात हेडफोन झाले आणि पहिले पाच एकाच चुकीने घेतले. दुकानदार म्हणाला ‘बेस (खर्जाचा आवाज) जबरदस्त आहे’ की मी पैसे काढून द्यायचो. घरी येऊन लावलं की गिटार, बेस गिटार आणि बेस ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ढोल) यांचा एकच काला.

असं का होतं, हे कळायला मला फार वर्षं लागली. नेहमीच्या जुळणीत गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला (सेकंदाला ८२ कंपनं) वाजते, बेस गिटारची ४१ला. मेटलवाले तारा त्याच्याही खाली उतरवतात. ब्लॅक सॅबाथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली होती. तारा सैल केल्या की त्याला वाजवणं सोपं जायचं. त्यातून निघालेला तो जड आवाज पुढे सगळ्यांनी उचलला. म्हणजे खालच्या पट्टीत तीन वाद्यं खेटून बसलेली, आणि ‘एक्स्ट्रा बेस’वाले हेडफोन बहुतेकदा तिथलाच, १०० ते २०० हर्ट्झचा भाग फुगवतात. नाचाच्या गाण्यांत तिथे मोकळी जागा असते, म्हणून ते छान वाटतं. मेटलमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

दोन वर्षांपूर्वी रायबंदरला मित्राकडे सेनहायझरचा एचडी ६०० लावून पाहिला. १९९७ साली आलेलं मॉडेल, उघड्या कपांचं, म्हणजे कानावरच्या कपांची पाठ जाळीची. पहिल्यांदा वाटलं, बेस कुठे गेला? तिसऱ्या गाण्याला कळलं की बेस गिटार मी आज प्रथमच वेगळी ऐकतोय. बोटांनी तार ओढलेली कळत होती, आणि गिटार तिच्या जागेवर होती. त्या रात्री मी बेतीच्या फेरीबोटीचा वळसा घेऊन, नदीकाठी बराच वेळ थांबून घरी गेलो. पुढच्या महिन्यात तोच घेतला. मात्र तो ३०० ओहमचा आहे (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा), फोनला थेट जोडला तर आवाज पुरेसा चढत नाही, म्हणून आवाज वाढवणारा एक लहान अ‍ॅम्पही घ्यावा लागला.

हा झाला माझा अनुभव. तुम्ही काय घेतलं, कुठे बसून ऐकता, काय चुकलं, ते सविस्तर लिहा. नुसती मॉडेलची नावं नकोत.

फोंडा

मी ड्रम वाजवतो आणि चवथीला घुमटही (तोंडावर चामडं ताणलेलं मातीचं वाद्य) वाजवतो, त्यामुळे माझा कान आधी तालाकडे जातो.

आमच्या वाड्यावर आरतीला एका खोलीत दहा-बारा घुमटं, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) आणि कांसाळें (झांजा) असतात. तिथे लहानपणी एक गोष्ट कळली. घुमटाचा ‘घूं’ सगळ्यांचा एकत्र मिसळतो, पण चामड्यावर बोट पडल्याची टिचकी प्रत्येकाची वेगळी ऐकू येते. कोण चुकला ते टिचकीवरून कळतं, घूंवरून नाही. बेस ड्रमचं अगदी तसंच आहे. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत, मात्रेला चार ठोके असा डबल बेस (दोन्ही पायांनी बेस ड्रम) चालू असेल, तर सेकंदाला तेरा ठोके पडतात. दोन ठोक्यांत ७५ मिलिसेकंद. खालची घरघर तेवढ्यात विरत नाही, ठोके एकमेकांत मिसळणारच. ते मोजता येतात ते बीटर (पायाने हलणारा टोला) कातड्यावर आपटल्याच्या आवाजाने, आणि तो आवाज २ ते ५ हजार हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणून मेटलचा हेडफोन बघताना मी आधी वरचा भाग तपासतो. तिथे खड्डा असेल तर ड्रमर कितीही चांगला असो, आपल्याला नुसता गडगडाट मिळणार.

पण वरचा भाग जास्त झाला तरी पंचाईत. माझ्या आधीच्या एका हेडफोनमध्ये ८ हजाराजवळ उठाव होता, झांजा सुईसारख्या टोचायच्या. अर्ध्या तासात डोकं धरायचं. फेकून देणार होतो. मग फोनच्या इक्वलायझरवर (पट्टीनुसार आवाज कमी-जास्त करायची सोय) तिथे ४ डेसिबल कमी केले आणि तोच हेडफोन आणखी तीन वर्षं वापरला. नवा घेण्याआधी हे जरूर करून बघा, फुकट आहे.

सध्या बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा. बंद कपांचा आहे, सराव करताना माझ्याच ड्रमचा आवाज बराच बाहेर राहतो. ब्लूटूथ सरावाला मी वापरत नाही. आवाज उशिरा पोचतो आणि हात मागे पडतो.

वास्को

ग्रॅडो एसआर ८०. उघडे कप, ३२ ओहम, फोनवर सहज चालतो. जुना हार्ड रॉक आणि थ्रॅश (वेगवान मेटल) यांसाठी मला याच्यापुढे काही नको. गिटार अशी येते की अ‍ॅम्प समोरच्या खुर्चीवर ठेवलाय. खूप खोल खर्ज हवा असणाऱ्यांनी दुसरं बघावं.

आवाज मात्र सगळा बाहेर जातो. आमच्या बिल्डिंगमध्ये खिडक्या कायम उघड्या, शेजारची मुलं दहावीला. त्यांची परीक्षा होईपर्यंत मी रात्री ऐकणं बंद ठेवलं.

डिचोली

मी कॉलेजात आहे. हेडफोनवर मोठी रक्कम घालवण्याआधी माझी ही गोष्ट वाचा.

मेटॅलिकाचा १९८८ चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ हा माझा सगळ्यात लाडका अल्बम. त्यात बेस ऐकू येत नाही म्हणून मी ट्युशनच्या कमाईतून एकामागून एक दोन हेडफोन बदलले. नंतर कळलं की त्या अल्बममध्ये जेसन न्यूस्टेडची बेस गिटार मिक्सिंगमध्येच (सगळी वाद्यं एकत्र बसवताना) जवळजवळ पुसून टाकलेली आहे. जे रेकॉर्डिंगमध्ये नाही ते कुठलाही हेडफोन देणार नाही. त्याच बँडच्या २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’चा आवाज मास्टरिंगमध्ये (रेकॉर्डिंगवर शेवटचा हात फिरवताना) इतका दाबून मोठा केलाय की तो चिरकतो. ‘गिटार हीरो’ या खेळासाठी दिलेली तीच गाणी जास्त मोकळी वाजतात, हे पुष्कळांनी ऐकून ताडून पाहिलं आहे. दोन्ही एकाच हेडफोनवर ऐकली तेव्हा मला खरं पटलं.

आता हेडफोन तपासायला मी चांगलं रेकॉर्ड झालेली आणि पाठ असलेली चार गाणी ठेवली आहेत. लाडकी म्हणून नाही, त्यात काय कुठे आहे हे मला माहीत आहे म्हणून.

म्हापसा

मी रोज बसने पणजीला कामाला जाते. माझं सगळं ऐकणं त्याच वेळात होतं, त्यामुळे मोठे कप माझ्या कामाचे नाहीत. कानात घालायचे वायरवाले इअरफोन, दीड हजाराचे.

पहिले दोन महिने मला ते अगदी पातळ वाटत होते, बेसचा पत्ताच नाही. मग डब्यातली मोठ्या मापाची रबरी टोपी लावून बघितली आणि वाद्यवृंद भरून आला. टोपी कानात घट्ट बसली नाही तर खर्ज आधी गळतो. माझा डावा कान उजव्यापेक्षा मोठा आहे, हेही तेव्हाच कळलं. आता दोन बाजूंना दोन मापं.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. आधीच्या सैल इअरफोनवर बसच्या इंजिनाचा आवाज खालचे सूर खायचा, म्हणून मी आवाज वाढवत राहायचे. एका संध्याकाळी घरी आले तर कानात ‘सीं’ थांबेना. कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हिशेब सांगितला : ८५ डेसिबल आठ तास चालतं, त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ९४ ला फक्त एक तास. मेटलमध्ये शांत जागा कमी असतात, कानाला विसावा मिळत नाही. आता इअरफोन घट्ट बसतात, बाहेरचं कमी येतं आणि फोनवरचा आवाज निम्म्याच्या वर जात नाही. ‘सीं’ सुदैवाने गेली. तुमच्यापैकी कुणाला असं होत असेल तर कृपा करून थांबू नका, लगेच दाखवा.

काणकोण

पावसाळ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. समुद्रापासून आमचं घर पाच मिनिटांवर. एका हेडफोनच्या गाद्यांचं रेक्झिन दुसऱ्या जुलैत सोलवटलं, दुसऱ्यावर बुरशी आली, तिसऱ्याची पिन हिरवी पडली. म्हणून आता गाद्या आणि वायर दोन्ही सुट्या विकत मिळत असतील तरच घेतो. जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो. कापडी गाद्या घामाने भिजतात, पण काढून धुता येतात. गादी बदलली की आवाजही बदलतो, तेव्हा शक्यतो मूळच्याच मापाच्या घ्या.

मडगाव

वय ५८. २०११ च्या ऑक्टोबरात बंगळुरूला पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिकाला ऐकायला गेलो होतो, त्या रात्रीची धडधड अजून छातीत आहे. हेडफोनवर ती मिळत नाही. छातीला लागणारा आवाज कानाने भरून निघत नाही, हे मान्य करायला मला वेळ लागला, आणि मान्य केल्यावर शोध सोपा झाला.

फोंड्याच्या आणि म्हापशाच्या दोघांनीही मोलाचं लिहिलंय. त्यात एक भर : चष्मा. बंद कपांच्या गादीखाली चष्म्याची दांडी आली की फट पडते आणि खालचे सूर निसटतात. दहा वर्षं मी हेडफोनला दोष देत होतो. बारीक तारेच्या दांडीचा चष्मा करून घेतला आणि त्याच हेडफोनमध्ये बेस परत आला.

घरी आता चार हेडफोन आहेत, दोन उघडे, दोन बंद. गोव्यात दुकानात बसून निवांत ऐकायला मिळत नाही, ही सगळ्यांचीच अडचण. ज्यांना घेण्याआधी ऐकून बघायचेत त्यांनी मला व्यक्तिगत निरोप करा, रविवारी संध्याकाळी मी घरीच असतो. आपली पाठ असलेली गाणी फोनवर घेऊन या. चष्मा लागत असेल तर तो लावून या.