पहिलं बाळंतपण माहेरीच, हा हट्ट कशाला?

मनवा_पुणे: 30वा आठवडा चालूय, पहिलीच वेळ. ओटीभरण झाल्यापासून आईचा रोज फोन, कधी येतेस. माहेर तालुक्याच्या गावी, भूलतज्ज्ञ बोलावला की जिल्ह्याहून येणार, रक्तपेढी पण तिकडेच. इथल्या डॉक्टरांना माझं थायरॉइड, माझं 9.5 हिमोग्लोबिन सगळं पाठ आहे आणि आता फाइल काखोटीला मारून नवीन डॉक्टरपुढे जाऊन बसू? रात्र रात्र झोप नाही, कळा खऱ्या की खोट्या कसं कळणार, पाणी गेलेलं लक्षात येईल ना, आणि तेव्हा नवरा 200 किमी लांब. ही प्रथा बंदच करा खरं तर.

डिंकाचा_लाडू: बाळंतपण म्हणजे तो एक दिवस नाही गं, पुढचा सव्वा महिना! रात्री तीनला बाळ रडतंय, दूध उतरत नाहीये, टाके ओढतायत, तेव्हा डॉक्टर येत नाही, आईच उठते. नवरा म्हणशील तर खाजगी नोकरीत त्याला रजा द्यायचा कायदाच नाही, केंद्र सरकारवाल्यांना निदान 15 दिवस मिळतात.

मनवा_पुणे: मग आईनेच इथे यावं.

डिंकाचा_लाडू: आणि बाबांचं जेवणखाण, गुरं कोण बघणार? शिवाय लेकीच्या सासरी आई अळीव भिजवतानासुद्धा विचारून भिजवते, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

वाडीवरचा: आमच्या आजीची सात बाळंतपणं घरात झाली, सुईणीच्या हातून. हल्लीच्या मुली मोबाइलवर वाचून वाचून घाबरतात बाकी काही नाही.

शेवंता: सातातली जगली किती तेही लिहा की दादा.

सिस्टर_नाइटड्युटी: मनवा, 11 च्या खाली म्हणजे रक्त कमीच, लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नकोस. बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव झाला तर वेळ फार थोडा असतो त्यामुळे रक्त आणि भूलतज्ज्ञ जवळ असणं हा लाडाचा प्रश्न नाहीये. पाण्याचं म्हणशील तर लघवीसारखं रोखता येत नाही, वास वेगळा, पॅड लाव आणि निघ, घरी कळांची वाट बघत बसू नको.

घाटमाथा: शहरात काय वेगळं? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात खाजगीत शंभरातली 47 बाळंतपणं सिझर, सरकारीत 14. पुण्यात राहून पोट कापून घ्यायचं एवढंच.

शेवंता: खाजगीत पेशंटच मागतात हो, कळा नकोत म्हणून. मुहूर्त काढून येणारे पण असतात.

घाटमाथा: 47 मुहूर्त? अवघड केसेस तर उलट सरकारीत रेफर होतात, तरी तिथे 14 च.

सिस्टर_नाइटड्युटी: दोन्ही खरं आहे थोडं थोडं. पण भीतीचं म्हणाल तर लेबर रूममध्ये ओळखीचं माणूस असलं की बाई वेगळीच असते. सरकारी दवाखान्यातपण 2017 च्या लक्ष्य योजनेपासून (सरकारी लेबर रूम सुधारायची केंद्राची योजना) सोबतीण आत ठेवायची सोय सांगितलीय, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी बाहेर काढतात, आधीच विचारून ठेव. मी तर म्हणेन डिलिव्हरी पुण्यात कर, आई आत सोबत, मग माहेरी जा.

डिंकाचा_लाडू: बोलायला सोपं. दहा दिवसांचं बाळ, ओले टाके आणि 200 किमी घाटरस्ता! आणि एवढं करून पोचली की सासरचे म्हणणार बाराव्या दिवशी बारसं इथेच, परत या.