आजोबांचे चांदीचे पेन: बफिंग करावे का?

प्रश्न (अमळनेर): आजोबांच्या पेटीत पार्कर ७५ हे शाईचे पेन सापडले. टोपणावर ‘स्टर्लिंग’ असे कोरलेले असून अंगावर बारीक चौकटींची नक्षी आहे. जळगावच्या सराफबाजारात नेले, तर कारागिराने ते वजनकाट्यावर ठेवून मोडीचा भाव सांगितला आणि खाचांतला काळेपणा बफिंगने, म्हणजे फिरत्या चाकावर घासून, काढून देतो म्हणाला. द्यावे का?

उत्तर (धुळे): मुळीच देऊ नये. तो काळेपणा मळ नसून नक्षी उठून दिसावी म्हणून कारखान्यातच मुद्दाम दिलेला आहे. तो एकदा निघून गेला, की संग्राहकाच्या लेखी पेनाची किंमत घटते. मऊ सुती फडक्याने पुसावे, एवढेच. स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्के चांदी आणि १४ कॅरेटच्या निबमध्ये सुमारे ५८.५ टक्के सोने, तेव्हा मोडीचा हिशेब चुकीचा नव्हता. फक्त पेन मोडीत घालायची वस्तू नव्हे.

उत्तर (भुसावळ): आमच्याकडच्या उन्हाळ्यात शाई आत दगडासारखी वाळते. निबचा भाग कोमट पाण्यात रात्रभर ठेवावा. उकळते पाणी वापरू नये. सोनेरी पेन घेताना मात्र क्लिपची कड भिंगातून पाहावी, कारण ‘रोल्ड गोल्ड’चा, म्हणजे पितळेवर बसवलेला सोन्याचा पातळ पत्रा झिजला की तिथे आधी पितळ दिसते.

प्रश्नकर्ता: पाणी अजून निळेच येते आहे, पण निबवरचा ठसा आता स्पष्ट वाचता येतो.