डीजी (डिझेल जनरेटर) विकून बॅटरी घ्यावी का? एचटी (उच्चदाब वीजजोड असलेल्या) कारखान्यांसाठी खरा हिशेब

फीडर_अकरा
चाकण, भोसरी, वाळूज इथल्या मध्यम कारखान्यांपुढे सध्या साधारण सारखाच प्रस्ताव येतो: १२५ किलोवॅट, २६१ युनिट क्षमतेचं लिथियम आयर्न फॉस्फेट (एलएफपी) बॅटरीचं कपाट बसवा, दिवसा सवलतीच्या विजेवर भरा, संध्याकाळी वापरा आणि डीजी विकून टाका. माझं मत असं की नुसत्या दरफरकावर हे कपाट आपली किंमत फेडत नाही. डीजी तर मुळीच विकू नये.

केंद्राच्या २०२३च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनुसार १० किलोवॅटच्या वरच्या व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांना सौर तासांत दर किमान २० टक्के कमी हवा, शिखर तासांत किमान २० टक्के जास्त. मूळ वीज आकार ८.५० रुपये धरा. म्हणजे दिवसा ६.८०, संध्याकाळी १०.२०. २६१ पैकी ९० टक्केच वापरायचे, त्यातून रूपांतरातली घट गेली की कारखान्याच्या वीजपॅनेलवर साधारण २२० युनिट येतात. ते मिळवायला ८६ टक्के कार्यक्षमतेने २५६ युनिट भरावे लागतात. संध्याकाळी वाचले २,२४४ रुपये, भरायला गेले १,७४१. दिवसाला ५०३, वर्षाच्या ३०० दिवसांत दीड लाख. बसवून युनिटामागे १५,००० रुपये धरले तर खर्च ३९ लाख. २६ वर्षं! तेवढं त्या सेलचं वयही नसतं.

छतावरचे_पॅनेल
तुम्ही विकत घेतलेल्या विजेचा हिशेब मांडलात. पण ज्यांच्या छतावर सौर आहे त्यांचं गणित वेगळं आहे. टीओडी (वेळेनुसार बदलणाऱ्या दराच्या) ग्राहकाने दिवसा ग्रिडला दिलेली जास्तीची युनिटं संध्याकाळच्या महाग युनिटांतून वजा होत नाहीत, ती स्वस्त तासांच्या खात्यात धरली जातात. म्हणजे नेट मीटर (दिलेली आणि घेतलेली वीज वळती करणारा) असूनही ५ वाजल्यानंतरचं बिल जवळजवळ तसंच राहतं.

सौर युनिट ३ रुपयांना पडतं असं धरा. २५६ युनिटांचे ७६८ रुपये, वाचले २,२४४. रोज १,४७६, वर्षाला सव्वाचार लाखांच्या वर. परतफेड ९ वर्षांच्या आत येते, आणि यात मागणी आकाराची (महिन्यातल्या कमाल मागणीवर लागणाऱ्या आकाराची) बचत धरलेलीच नाही. दुसऱ्या पाळीत काम चालणाऱ्यांनी हे टाळणं म्हणजे हातातले पैसे सोडणं आहे.

फीडर_अकरा
ते ३ रुपये इथे लागू होत नाहीत. पॅनेलचा खर्च होऊन गेलेला आहे. प्रश्न असा की ते युनिट बॅटरीत घातलं नाही तर त्याचे काय मिळतं? सुट्टीच्या दिवशी बाहेर गेलेलं युनिट पुढच्या दिवसांच्या दिवसा-वापरातून वळतं होत असेल तर त्याची किंमत ६.८०च, आणि आपण परत २६ वर्षांवर. तुमचा आकडा खरा ठरतो तो सौर क्षमता दिवसाच्या गरजेपेक्षा इतकी जास्त असेल की युनिटं वर्षअखेर साचून राहतात आणि नाममात्र दराने जातात, तेव्हाच. आधी वर्षाच्या बिलांवर शिल्लक युनिटांची ओळ बघा.

बसबार_तांबे
दोघांनीही मुख्य गोष्ट बाजूला ठेवलीत. एचटी ग्राहकाला बॅटरी परवडते ती बहुधा मागणी आकारामुळे, आणि ती सगळ्यांना परवडत नाही.

मीटर कमाल मागणी ठरावीक मिनिटांच्या खंडाच्या सरासरीने धरतो. इंडक्शन फर्नेस किंवा मोठा प्रेस असेल तर मागणीचा सुळका २०-३० मिनिटांचा असतो. तिथे ८० केव्हीए (मागणी मोजायचं एकक) कापायला ४० युनिटही पुरतात. ६०० रुपये प्रति केव्हीए धरले तर महिन्याला ४८,००० वाचतात. पण इंजेक्शन मोल्डिंगचा भार सपाट असतो. तिथे ८० किलोवॅट सात तास कापायचे तर ५६० युनिट लागतील, म्हणजे दोन कपाटंही अपुरी.

म्हणून कोटेशन मागवण्यापूर्वी मीटरचा लोड सर्व्हे (भाराची साठवलेली नोंद) काढा, किमान वर्षाचा, खंडनिहाय. पुरवठादार महिन्याची कमाल मागणी एवढाच आकडा मागत असेल तर तो अंदाजाने माप सांगतो आहे.

दोन चुका हमखास होतात. एक, सुळका कापल्यावर कंट्रोलर लगेच पूर्ण वेगाने बॅटरी भरायला घेतो आणि चार्जिंगमुळेच नवा सुळका तयार होतो. इनकमरवरच्या (ग्रिडची वीज आत येते त्या स्विचवरच्या) मीटरला बांधलेली चार्जिंग-मर्यादा हवी. दुसरी, महिन्यातून एकदा जरी बॅटरी रिकामी असताना भार चढला तर त्या एका खंडाने सगळ्या महिन्याची बचत जाते. त्यामुळे हमी देताना ‘सरासरी’ हा शब्द मान्य करू नका.

छतावरचे_पॅनेल
लोड सर्व्हेचं मान्य. पण बिल केव्हीएएचवर (रिअॅक्टिव्ह, म्हणजे प्रत्यक्ष काम न करणारी वीजही धरणाऱ्या मोजणीवर) आहे हेही धरा. सौरने ग्रिडवरचे किलोवॅट घटतात, रिअॅक्टिव्ह तेवढीच राहते, म्हणून दुपारी पॉवर फॅक्टर (एकूण विजेतला प्रत्यक्ष कामाचा वाटा) घसरतो. बॅटरीचा पीसीएस (डीसी-एसी रूपांतर करणारा कन्व्हर्टर) केव्हीएआर, म्हणजे ही रिअॅक्टिव्ह वीज, देऊ शकतो.

बसबार_तांबे
देऊ शकतो, पण त्याच केव्हीए क्षमतेतून. आणि तेवढ्यासाठी योग्य एपीएफसी पॅनेल (कपॅसिटरने पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं) कितीतरी स्वस्त.

न्यूट्रल
डीजी विकण्याबद्दल. १२५ किलोवॅटचा पीसीएस ४१५ व्होल्टवर साधारण १७४ अँपिअर देतो, थोडा वेळ २० टक्के जास्त, म्हणजे दोनशेच्या आसपास. ३७ किलोवॅटची मोटर डीओएलवर (थेट पूर्ण व्होल्टेजवर) सुरू करताना ६५ अँपिअरच्या सहापट, ३९० अँपिअर ओढते. वीज गेलेली असताना कॉम्प्रेसरने स्टार्ट घेतला की पीसीएस ट्रिप होणार. मोठ्या मोटरींना व्हीएफडी (वेग हळूहळू चढवणारा ड्राइव्ह) लावल्याशिवाय बॅटरीवर कारखाना चालवण्याची भाषा करू नये.

याहून धोकादायक बाब संरक्षणाची. ग्रिडवर शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर वाहतात आणि एमसीसीबी (सर्किट ब्रेकर) क्षणात पडतो. पीसीएस मात्र आपल्या मर्यादेवर अडकतो. तेवढ्या प्रवाहाला ब्रेकरचं मॅग्नेटिक ट्रिप हलत नाही. आयलंड मोडसाठी (ग्रिडशिवाय फक्त बॅटरीवर चालण्यासाठी) वेगळी रिले सेटिंग्ज, अंडरव्होल्टेज ट्रिप आणि अर्थ फॉल्ट संरक्षण लागतं. ग्रिडपासून सुटताच न्यूट्रलचा अर्थिंगचा आधारही जाऊ शकतो, म्हणून बॅटरीच्या बाजूला स्टार-अर्थ केलेला ट्रान्सफॉर्मर हवा. सिंगल लाइन डायग्राममध्ये (वीजजोडणीच्या आराखड्यात) हे दिसत नसेल तर विद्युत निरीक्षकांकडे जाण्याआधीच परत पाठवा.

वीज गेल्यावर सीएनसी (संगणकनियंत्रित यंत्र) बंद पडू द्यायची नसेल तर स्टॅटिक ट्रान्सफर स्विच (क्षणार्धात पुरवठा बदलणारा) घ्या. साध्या चेंजओव्हरला सेकंद लागतात, यंत्राचा कॉन्टॅक्टर (विद्युतचुंबकी स्विच) त्याआधीच सुटतो.

शेड_सात
डीजी ठेवा हे बरोबर, पण तो चालवायचा किती? लिटरला ३.३ ते ३.५ युनिट, डिझेल ९० रुपये धरलं तर नुसतं इंधन युनिटामागे २६-२७ रुपये. बहुतेक ठिकाणी वीज दहा-पंधरा मिनिटांपुरती जाते आणि तेवढ्यासाठी २५० केव्हीएचा सेट २० टक्के भारावर धुरकट चालतो. न जळलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये साठून इंजिन बिघडतं. वीज थोडा वेळ गेली तर बॅटरी, लांबली तर डीजी, ही विभागणी सर्वांत चांगली. निवडक ६० किलोवॅट भारासाठी ११० युनिट राखून ठेवले तर पावणेदोन तास मिळतात.

फीडर_अकरा
पण मग ती ११० युनिटं संध्याकाळच्या बचतीला मिळणार नाहीत, ना सुळक्याला. विक्रीच्या तक्त्यात तिन्ही फायदे पूर्ण क्षमतेवर मोजून बेरीज केलेली असते. तिथेच फसगत होते.

कोरडी_वाळू
आगीवर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. एलएफपी सुरक्षित आहे म्हणून कपाट गोदामात भिंतीला लावतात, हे थांबायला हवं. एप्रिल २०२१मध्ये बीजिंगला स्फोट झाला तो एलएफपी प्रकल्पच होता, दोन अग्निशामक जवान गेले. ही रसायनं उशिरा तापतात, पण तापल्यावर हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतात. गॅस किंवा एरोसोलचं अग्निशमन ज्वाळा विझवतं, सेल थंड करत नाही. बंद कपाटात वायू साठत राहतो आणि कोणी दार उघडलं की पेट घेतो. म्हणून हायड्रोजन डिटेक्टर, त्याला जोडलेला एक्झॉस्ट, दाब सोडणारं पॅनेल, आणि बाहेरूनच पाणी सोडता येईल अशी जोडणी. कपाट उघड्यावर ठेवा, कच्च्या मालापासून आणि बाहेर पडण्याच्या वाटेपासून दूर. यूएल ९५४०ए (बॅटरीतली आग कशी पसरते ते पाहणाऱ्या) चाचणीचा पूर्ण अहवाल मागा, फक्त प्रमाणपत्राचं पहिलं पान नको.

चौथरा पावसाळ्यातल्या तुंबलेल्या पाण्याच्या वर घ्या. बसबारचे (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे) बोल्ट टॉर्क रेंचने तपासून खूण करा आणि भार असताना थर्मल कॅमेऱ्याने पाहा. सैल जोड हे तापण्याचं नेहमीचं कारण आहे.

फीडर_अकरा
घ्यायचं ठरलंच तर करारात एवढं असू द्या. क्षमतेची हमी एसी टोकाला मोजलेली हवी, सेलच्या लेबलवरची नको. कूलिंगच्या विजेला वेगळा मीटर लावा. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात चिलर किती खातो ते तिथेच कळतं. हमी कोणत्या तापमानापर्यंत आणि एकूण किती युनिट फिरवेपर्यंत, हे आकड्यांत लिहून घ्या. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असल्याने बीएमएसचा (बॅटरीवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेचा) चार्जचा अंदाज भरकटत जातो, ४० टक्के दाखवताना बॅटरी संपते. आठवड्यातून एकदा पूर्ण चार्ज करून तो जुळवण्याची वेळ कंट्रोलरमध्ये बसवून घ्या, शक्यतो साप्ताहिक सुट्टीला.

छतावरचे_पॅनेल
या अटींना माझा विरोध नाही. १५,०००चा आकडा मात्र मला जास्त वाटतो, किमती उतरत आहेत. १०,००० धरून तुमचाच तक्ता पुन्हा करा.

फीडर_अकरा
केला. २६ लाखांना दीड लाख, सतरा वर्षं. सुळका किंवा वाया जाणारं सौर यांपैकी एक तरी असल्याशिवाय अजूनही नाहीच.