मदत हवी आहे: चूळ भरायला कडुलिंब-लवंगेचा अर्क घरी कसा काढायचा?

घाईत_आहे
कडुलिंबाची पानं दारात आहेत, लवंग घरात आहे. तोंडाला वास येतो त्यासाठी अर्क हवाय. पाण्यात उकळायचा की अल्कोहोलमध्ये भिजवायचा? प्रमाण काय, टिकतो किती? बाजारातले माउथवॉश आणून झाले, तासाभरात वास परत. रविवारी बहिणीच्या सासरची मंडळी येतायत, त्याआधी सांगा. "डेंटिस्टला दाखवा" हा सल्ला कृपया नको.

विदर्भी_भाऊ
अर्क काऊन काढून राहिले? बाभळीची काडी चावा. कोवळी घ्यायची, टोक चावून कुंचला झाला की दात घासायचे आणि मग तीच मधोमध चिरून जीभ खरवडायची. फुकटात काम.

दंतकथा
दाखवा म्हणत नाही, पण वास नक्की कोणाच्या तोंडाला येतो? वय? हिरड्यांतून रक्त? मधुमेह? बीपीच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या गोळ्या? त्यातल्या काहींनी तोंड कोरडं पडतं आणि लाळ आटली की वास वाढतो. बहुतेकदा मूळ जिभेच्या मागच्या भागात असतं. तिथल्या पांढऱ्या थरात हवेशिवाय जगणारे जिवाणू प्रथिनं फोडतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास तोच. थर तसाच ठेवून वरून कितीही चुळा भरल्या तरी तासाभरात पहिले पाढे पंचावन्न.

आजीचा_बटवा
त्रिफळा! हिरडा, बेहडा, आवळा. चमचाभर चूर्ण पेलाभर पाण्यात उकळून अर्धं करा, गाळा, कोमट असताना चूळ. तुरटपणा असतो तो टॅनिनचा, काम तेच करतं. ती क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशची बाटली असेल तर फेका, दात तपकिरी होतात.

दंतकथा
डाग पडतात, चवही बिघडते, म्हणून ०.२ टक्केवाली बाटली साधारण दोन आठवड्यांच्या वर देत नाहीत. फेकायची गरज नाही. आणि त्रिफळ्याचे डाग पडत नाहीत असं कोणी सांगितलं? टॅनिन चहातही असतं, कप बघा.

आजीचा_बटवा
कपाला कोणी ब्रश करत नाही. दाताला करतात.

तिळगूळ७७
तिळाच्या तेलाचा गंडूष करून बघा. सकाळी अनशापोटी तोंडात तेल धरायचं. माझी अ‍ॅसिडिटीपण गेली.

घाईत_आहे
अ‍ॅसिडिटीचं कोणी विचारलंय? पाणी की अल्कोहोल, एवढंच सांगा.

शेवगा_शेंग
सांगतो. लवंगेतलं युजेनॉल पाण्यात फार उतरत नाही, अल्कोहोलमध्ये चांगलं उतरतं. कडुलिंबातलेही बरेच घटक तसेच. पण अल्कोहोलचा अर्क पातळ न करता तोंडात घेऊ नका. लवंग तेल तर नुसतं हिरडीला लावलं तरी भाजतं. पाण्याचा काढा सौम्य, पण त्याच दिवशी संपवायचा. उरलेला ओट्यावर ठेवला तर दुसऱ्या दिवशी त्यालाच वास.

विदर्भी_भाऊ
आमच्या गावात बाया मिसरी लावतात, वास नाही येत.

दंतकथा
मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू, भाऊ. वास झाकेल आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका गळ्यात घालेल. ते इथे सुचवू नका. आणि धागाकर्ते, माझे प्रश्न तसेच राहिलेत.

घाईत_आहे
बाबांसाठी हवंय. ७२. बीपीची गोळी आहे. रक्ताचं म्हणाल तर दातच नाहीत, रक्त कुठून येणार. वर-खाली पूर्ण कवळी आहे.

दंतकथा
हे आता सांगताय! रात्री काढतात का?

घाईत_आहे
नाही. काढली तर नातवंडं हसतात म्हणे. झोपतातही घालूनच.

दंतकथा
मग अर्क राहू द्या. कवळीच्या आतल्या बाजूला, टाळूला टेकते तिथे बोट फिरवा, बुळबुळीत थर लागेल. त्यात जिवाणू असतात आणि कँडिडा नावाची बुरशी. रोज मऊ ब्रश आणि साध्या साबणाने घासायची. पेस्टने नको, चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. रात्री काढून साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. उकळतं पाणी नको, वाकडी होईल. तुमचा अल्कोहोलचा अर्क तर अजिबात नको, कवळीच्या अ‍ॅक्रिलिकला, म्हणजे प्लॅस्टिकला, बारीक तडे जातात. टाळू आणि जीभ ओल्या फडक्याने पुसायला सांगा. टाळू लालभडक दिसली तर मात्र तुम्हाला नको असलेला सल्ला ऐकावा लागेल.

आजीचा_बटवा
कवळी त्रिफळ्याच्या पाण्यात ठेवली तर?

दंतकथा
तपकिरी होईल.

तिळगूळ७७
कवळीवाल्यांनी गंडूष करताना ती काढावी का?

घाईत_आहे
बोट फिरवून बघितलं. शी! बाबा वाटीत ठेवायला तयार झालेत, पण बाथरूममध्येच. घरात मांजर आहे, वाटीला झाकण चालेल ना?

दंतकथा
चालेल. डबाच घ्या.