बाबांची डाळ बंद, शेजारच्या काकांना मात्र अंडी??

सोलापूरकर: बाबांचं क्रिएटिनिन (किडनी कमी गाळते तसं रक्तात वाढतं ते) २.४ आलंय, वजन ६० किलो. डॉक्टर म्हणाले प्रोटीन कमी करा, म्हणून आईने डाळच बंद केली, नुसता भात नि दुधी. पण शेजारचे काका डायलिसिसवर आहेत त्यांना रोज अंडी खायला सांगितलीत! किडनीचाच आजार ना दोघांना?

डाएटवाली: अहो दादा कमी म्हणजे बंद नव्हे. डायलिसिस नसताना साधारण किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे बाबांना दिवसाला ४८ च्या आसपास, त्यात पोळी-भाताचंही धरायचं. प्रोटीन जास्त झालं की रक्तातली अमिनो ॲसिड्स (प्रोटीन पचून होणारे तुकडे) वाढतात, त्याने किडनीच्या गाळण्यांवर प्रेशर येतं, शिवाय युरिया (प्रोटीनचा टाकाऊ भाग) वाढतो तो वेगळाच. काकांचं उलटं आहे, डायलिसिसच्या पाण्यातून अमिनो ॲसिड्स वाहून जातात म्हणून त्यांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं. वाटीभर घट्ट वरण चालेल की! फक्त डाळीत पोटॅशियमही असतं, तेव्हा त्याचा रिपोर्ट बघून डॉक्टरांना विचारा.

मीपण_पेशंट: मी पण सुरुवातीला घाबरून सगळं सोडलं होतं, दंड इतके बारीक झाले की बायको शर्टाच्या बाह्या आत घ्यायला लागली. मला किटो-ॲनालॉगच्या गोळ्या आहेत. किटो-ॲनालॉग म्हणजे नायट्रोजन नसलेला अमिनो ॲसिडचा सांगाडा, त्याला स्वतःचा टाकाऊ नायट्रोजन जोडून शरीर अमिनो ॲसिड बनवतं. पण महाग प्रकरण आहे, नि मनाने घ्यायच्या नाहीत.

सोलापूरकर: आईला वाचून दाखवलं, आज वरण शिजतंय 😄